पाणी पिकेपर्यंत

यासीन पिंजारी आधी मासे दाखवत नाही,
आधी विचारतो, पाणी कोणतं?
बोअरचं, मी म्हणते.
भुसावळात नळाला येतं कधी, आठवड्यातून एकदा,
तेही रात्री दोनला.
माझी बाटली तो उजेडात धरतो.
कुकरच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, बाई?
बसतो.
मग निऑन विसरा.

जुईचा चेहरा पडतो. दुकानात शिरल्यापासून
ती त्या निळ्या-लाल रेघांपुढे नाक लावून उभी आहे.
हिमेश दुसऱ्या टोकाला, टायगर बार्बपाशी,
पाठ आमच्याकडे.
माझ्याशी बोलताना त्याच्या वाक्याला सुरुवात नसते :
मीठ हवंय. उद्या डबा नको.
फारच अडलं, तर तुम्ही.

झोपे सर
(लग्नाला चार महिने झाले, माझ्या तोंडी अजून
पॉलिटेक्निकच्या ऑफिसातलंच नाव)
खिशातून कागद काढतात : तीन फूट, सव्वा, दीड.
दीडशे लिटर, काचेची जाडी वगळून.

आणि एंजल? जुई विचारते.
एंजल अन् बार्ब, एका टाकीत? यासीनभाई हसतो.
त्याच्या झालरी कुरतडतील हे, पोरी.
बार्ब एकटा ठेवला तर अजून चावरा.
आठ ठेवले की आपसांत पळापळी,
दुसऱ्याकडं बघायला फुरसत नाही.
हिमेशने ऐकलं. मान वळवली नाही.

गोल्डफिश? घाण फार, त्याला थंड लागतं,
मे महिन्यात इथं माणूस शिजतो, भो.
सकर? आज बोटाएवढा, दोन वर्षांत हाताएवढा.
फायटर? तो एकटाच बरा. असतात काही तसे.
हे म्हणताना त्याने कोणाकडेच पाहिलं नाही,
मीच उगाच ओढणी सारखी केली.

मग उरलं काय?
जड पाण्याला मॉली, प्लॅटी.
गप्पी घ्याल तर सगळे नर घ्या,
नाहीतर दिवाळीला माझ्यासमोर दुकान टाकाल.
पण आज एकही देणार नाही.
तीन आठवडे टाकी नुसती चालवा.
पाणी पिकू द्या.

केळी पिकताना मी पाहिलीत, माहेरी रावेरला,
चेंबरचं दार उघडलं की तोंडावर येणारा उबट वास.
पाणी कसं पिकतं?
दाबून तर बघता येत नाही.

बऱ्हाटेकाकू दोनदा येऊन गेल्या. मासे कुठंयत?
येतील, सर म्हणाले.
दिवा लागायचा, बुडबुडे निघायचे, वाळूवर कोणी नाही.
रात्री मालगाडी गेली की पाण्यावर
बारीक शहारा यायचा.
हिमेश पट्टी बुडवून वहीत रंग लिहायचा,
जुई त्याच वहीच्या मागच्या पानावर
न आणलेल्या माशांची नावं.

नवव्या दिवशी टाकी दुधाळ झाली.
नासलं म्हणून मी बादली घेऊन आले.
थांबा, हिमेश म्हणाला. असं होतं. आपोआप निवळतं.
मी बादली घेऊन तशीच उभी,
मग तिच्यात पायपुसणं भिजवलं.

निवळलं.

सहा प्लॅटी, तीन काळ्या मॉली, दोन पिशव्या.
पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, गाठ तशीच,
आतली ऊब बाहेरच्या उबेला लागेपर्यंत.
हिमेशच्या हातात सरांचं घड्याळ.
मग वाटीभर इकडचं पाणी तिकडे, परत वाटीभर.
कोणी बोलत नव्हतं, पंखा तेवढा कुरकुरत होता.

झालं बहुतेक, तो म्हणाला.
ही दुसरी तू धर, मी गाठ सोडतो.

सर लादी पुसत होते, पुसतच राहिले.
कोरडी झाली तरी.

मॉली सरळ निघाल्या.
एक प्लॅटी बराच वेळ पिशवीतच थांबली,
तोंड उघडं असून.
तिला ढकलायचं नाही हं, जुई म्हणाली,
कोणाला, ते कळलं नाही.